दहा लाखांत घाटनांदूर

जगातल्या सर्व देशांचे भूवैज्ञानिक नकाशे एकाच पडद्यावर आणि विनामूल्य पाहता यावेत, हा विचार मोठा आहे आणि आम्हाला तो आवडतो. ‘वनजिऑलॉजी’ या नावाने तो २००७ साली ब्रायटन येथील बैठकीत मांडला गेला. २००८ मध्ये ऑस्लोच्या आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषदेत नकाशाचे पहिले रूप जगापुढे आले. पुढे शंभराहून अधिक देश सामील झाले. पण शिक्षकाने या नकाशाकडून काय अपेक्षा ठेवावी?

योजनेतली हुशारी अशी, की माहिती एका कोठारात ओतायची नाही. प्रत्येक देशाच्या सर्वेक्षण संस्थेने आपला नकाशा आपल्याच संगणकावर ठेवायचा आणि तेथून जगाला दाखवायचा. त्यामुळे मालकीचा वाद टळला. दुबळेपणाही त्यातच आहे. एखादा संगणक बंद पडला, की नकाशात तेवढे भोक! ज्यांच्याकडे यंत्रणाच नव्हती त्यांचे नकाशे दुसऱ्या देशांनी सांभाळले. शिवाय एकाच खडकाला सीमेच्या अलीकडे एक नाव, पलीकडे दुसरे. त्यासाठी ‘जिओसायएमएल’ ही समान परिभाषा घडवावी लागली. नकाशांतले रंग सारखे असावेत ही चर्चा तर १८८१ च्या बोलोन्या परिषदेपासूनची. घाई कोणालाच नसावी.

आता घाटनांदूर घेऊ. अंबाजोगाई तालुक्यातले, लातूर रोड–परळी लोहमार्गावरचे हे गाव. नकाशाचे प्रमाण दहा लाखांत एक, म्हणजे एक मिलिमीटरला एक किलोमीटर. गाव आणि शिवार नखाखाली झाकले जाईल. रंग एकच : दख्खन ट्रॅप, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट. किल्लारीला तोच रंग, कोयनेलाही तोच. पण १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला वेधन केले तेव्हा बेसॉल्टचा थर सुमारे ३३८ मीटरवर संपला. कोयनेच्या परिसरात तो सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाला. जवळजवळ चौपट फरक, आणि रंगात त्याचा मागमूस नाही. वरून पाहिलेला नकाशा खोलीबद्दल मुका असतो, हे मुलांना याच उदाहरणाने सांगावे.

मराठवाड्याला हवी आहे ती खोलीच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी कुठल्या थरात मुरते, हे विहीर खणणाऱ्यांना ठाऊक असते : वर मुरूम, मग मांजऱ्या, मध्येच गेरूचा तांबडा पट्टा, खाली काळा पाषाण. गावोगाव विंधन विहिरी पाडल्या जातात. प्रत्येकीतून सगळे थर क्रमाने वर येतात आणि पूड म्हणून बांधावर पसरून जातात. यातल्या बहुतेक विहिरींची थरवार नोंद कोणी ठेवत नाही. जागतिक भांडार उभारताना गावातले भांडार असे वाऱ्यावर जावे, ही आमची खरी तक्रार आहे.

१८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ‘भूकोश’वर पन्नास हजारांत एक प्रमाणाचे नकाशे खुले केले, हे मोठेच काम. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. ओढे, टेकड्या ओळखू येतात. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारही सुरू झाले. मात्र त्याची मांडणी खनिजे शोधणाऱ्यांसाठी आहे, आठवीच्या वर्गासाठी नाही.

तोवर शाळेला करता येण्याजोगे काम आहे. गावात बोअरची गाडी आली, की मालकाची परवानगी घेऊन दूर उभे राहावे. दर दहा फुटांची मूठभर पूड चालकाकडून मागून घ्यावी. पिशवीवर गट क्रमांक, तारीख आणि खोली लिहावी. पाणी किती फुटांवर लागले तेही. ओल्या पुडीचा रंग फसवा असतो, म्हणून ती वाळवून मगच नोंद करावी.