पहाटेचे साडेबारा

डिसेंबर २०२३ मध्ये मिथुन राशीतला उल्कावर्षाव पाहण्यासाठी आम्ही काही शालेय विद्यार्थ्यांना नागपूरच्या दिव्यांपासून दूर, कोंढाळीच्या बाजूला नेणार होतो. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती, आकाश स्वच्छ होते. मध्यरात्रीनंतर एक-दोन तासांनी मिथुन रास जवळजवळ डोक्यावर येते, म्हणून बस बुधवारी रात्री साडेबाराला सोडायचे ठरले. पालकांना निरोप पाठवण्यासाठी मी संगणकाची एक छोटी आज्ञावली लिहिली. तिने पाठवलेला निरोप असा होता : 'बस सुटण्याची वेळ : गुरुवार, १४ डिसेंबर २०२३, पहाटे १२:३० वाजता.'

बसमधल्या निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या. एका पालकांचा फोन साडेचारला आला. ''सर, आम्ही फाटकाशी उभे आहोत. पहाटे म्हणजे चार-पाचच ना?'' दुसरे एक गृहस्थ मुलीला स्वेटर, कानटोपी घालून चोवीस तास उशिरा, गुरुवारच्या रात्री आले.  बस तर आदल्या रात्रीच जाऊन आली होती.

निरोप न वाचता पाठवला ही चूक माझीच. पण 'पहाटे १२:३०' हे शब्द माझे नव्हते. ते 'मोमेंट जेएस' या, जावास्क्रिप्ट भाषेसाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या ग्रंथालयातल्या मराठी फाइलमधून आले. २०२० मध्ये तिच्या कर्त्यांनी नवी भर थांबवून केवळ देखभाल करण्याचे जाहीर केले, तरी असंख्य संकेतस्थळांत ती आजही चालू आहे. कवितासंग्रहाचे परीक्षण होते, पाठ्यपुस्तकाचेही होते. मग हजारो वेळा वाचल्या जाणाऱ्या या शंभर-दोनशे ओळींच्या मराठी मजकुराचे का होऊ नये?

आधी साचा म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या लेखी वेळ ही एक मोजणी असते. इथे ती १ जानेवारी १९७०च्या आरंभापासून उलटलेल्या मिलिसेकंदांची आहे. या संख्येला माणसाला कळेल असे रूप देण्यासाठी साचा लागतो. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाण आवृत्तीतही अशी सोय होती : टक्क्याचे चिन्ह आणि 'डी' लिहिले की तारीख, 'एम' लहान लिहिला की महिना, मोठा लिहिला की मिनिटे. गंमत अशी की मोमेंटमध्ये हे नेमके उलटे आहे. तिथे मोठा 'एम' महिन्याचा. अशा अदलाबदलीने किती जणांच्या तारखांत महिन्याच्या जागी मिनिटे पडली असतील!

पण खरी अडचण अक्षरांची नाही. साच्यामागे एक गृहीत आहे : भाषा म्हणजे रिकाम्या खणांची रांग, खणात शब्द टाकला की वाक्य तयार. इंग्रजीत हे बरेचसे निभते. मराठीत शब्द खणात पडताना रूप बदलतो. 'एक तास' आणि 'पूर्वी' यांची बेरीज 'एक तासपूर्वी' होत नाही; 'एका तासापूर्वी' होते. सामान्यरूप शिकवताना आपली किती दमछाक होते ते भाषाशिक्षकांना विचारा!

या बाबतीत मात्र फाइल लिहिणाऱ्यांना मनापासून दाद द्यायला हवी. त्यांनी प्रत्येक एककाची दोन रूपे दिली आहेत : एकट्याने यायचे असेल तर 'एक महिना', 'वर्षे', 'मिनिटे', पुढे शब्द जोडायचा असेल तर 'एका महिन्या', 'वर्षां', 'मिनिटां'. त्यामुळे पडद्यावर 'तीन तासांपूर्वी' असे निर्दोष मराठी उमटते. अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. अनेक मोठ्या व्यवस्थांच्या मराठी मजकुरात हे साधलेले नसते.

भूतकाळात सांभाळलेला हा तोल भविष्यकाळात सुटतो. तिथे सगळीकडे 'मध्ये' जोडले आहे : 'तीन तासांमध्ये'. 'बस तीन तासांनी सुटेल' आणि 'बस तीन तासांमध्ये सुटेल' यांत फरक आहे. पहिले वाक्य ऐकून मी दोन तास घरी बसेन. दुसरे ऐकून लगेच निघेन, कारण बस केव्हाही सुटू शकते. इथे एका इंग्रजी शब्दयोगाचा सरळ अनुवाद झाला आहे. 'मध्ये'च्या जागी एकवचनात 'ने' आणि अनेकवचनात 'नी' लिहिले की दोष जातो. सामान्यरूपे तर हाताशीच आहेत.

वारांचेही तसेच. 'मागील गुरुवार, सकाळी १०:०० वाजता' असे ही फाइल लिहिते. आपण 'मागील गुरुवारी' म्हणतो. रशियन भाषेत तारखेसोबत येणाऱ्या महिन्याचे रूप एकट्या महिन्याहून वेगळे असते, आणि याच ग्रंथालयाच्या रशियन फाइलमध्ये दोन्ही रूपांच्या याद्या आहेत. वारांसाठीही तशी सोय आहे. म्हणजे खण होता. मराठीसाठी तो वापरला गेला नाही.

आता पुन्हा पहाटेकडे. इंग्रजी घड्याळात दिवसाचे दोनच भाग असतात, आणि बहुतेक साच्यांत तेवढेच दोन खण ठेवलेले असतात. काही जुन्या मराठी याद्यांत त्या खणांत 'म.पू.'सारखी अक्षरे भरलेली आढळतात. 'मी म.पू. नऊला येतो' असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मोमेंटच्या मराठी फाइलने हा दुभाग नाकारून पाच शब्द घेतले : पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री. दिशा अगदी योग्य. फसले ते सीमा आखताना.

फाइलच्या जुन्या रूपात चार वाजेपर्यंत रात्र होती आणि दहाला दुपार सुरू होई. हीच विभागणी हिंदीच्या फाइलमध्येही आहे. परिणामी शाळेची साडेदहाची घंटा 'दुपारी १०:३०'ला वाजे! नव्या रूपात सकाळ बारापर्यंत नेली, हे ठीक. पण त्याच वेळी मध्यरात्रीपासून सहापर्यंतचे सगळे तास 'पहाटे'च्या हवाली केले. एक विनोद गेला आणि त्याच्या जागी जास्त महागडा आला. संगणकाला उलट वाचन सोपे व्हावे हे समर्थनही पुरेसे नाही. 'रात्री' हा शब्द अकरालाही लागतो आणि एकलाही, हे खरे. पण जुन्या फाइलने बाराला शून्य मानून आणि चारच्या आतला तास तसाच ठेवून हा गुंता नीट सोडवला होता.

शिवाय पहाटेला सूर्याशी नाते आहे. नागपुरात जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. त्या दिवसांत पावणेसहाला, उन्हे अंगणात आलेली असताना, ही फाइल 'पहाटे' म्हणणार. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त, जूनमध्ये सातच्या आसपास; 'सायंकाळ' मात्र बारा महिने पाचलाच. ठरीव सीमा टाळता येत नाहीत हे मान्य. निदान मध्यरात्र ते चार 'रात्री'च ठेवावे, इतकेच मागणे.

तेवढ्याने वाराचा घोटाळा मिटत नाही. आपल्या बोलण्यात बुधवारची रात्र गुरुवारच्या उजाडण्यापर्यंत चालते. घड्याळ बारालाच वार बदलते. मध्यरात्रीनंतरच्या गाडीचे तिकीट हाती घेऊन एक दिवस उशिरा स्थानकावर पोचणारे प्रवासी आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीत असतील. यावर साच्यात उपाय नाही. दोन्ही वार लिहावे लागतात.

आणि आपण 'बारा तीस' तरी कुठे म्हणतो? साडेबारा म्हणतो. वर्गात हे करून पाहा : घड्याळातील आकड्यांवरून वेळ शब्दांत लिहिण्याचे नियम मुलांकडून काढून घ्या. तीस मिनिटांना 'साडे' असा नियम मुले पटकन सांगतील आणि १:३०, २:३० येताच अडतील, कारण तिथे दीड आणि अडीच. पंचेचाळीसला 'पावणे' आणि पुढचा तास. पण १२:४५ला नुसते 'पाऊण'. १:१५ला नुसते 'सव्वा'. आमच्याकडे आठवीच्या मुलांनी सात नियमांत हे बसवले. मी पाहिलेल्या कोणत्याही साच्यात यासाठी अक्षर नाही.

पुढच्या वेळचा निरोप मी हाताने लिहिला : 'बुधवारी रात्रीचे जेवण करून यावे. बस त्याच रात्री साडेबाराला, म्हणजे गुरुवार लागल्यावर अर्ध्या तासाने सुटेल.' बस भरली होती. आकाशात मात्र ढग होते.