कडू बोलण्याचा साचा : क्रांतिकाळातल्या चिनी स्त्रियांच्या आठवणी आणि कादंबऱ्या



आज आपण क्रांतिकाळातल्या चिनी स्त्रियांवरची पुस्तकं घेतो आहोत. आठवणी आणि ऐतिहासिक कादंबऱ्या, दोन्ही. आपल्यापैकी जुन्या मंडळींना चिनी स्त्री पहिल्यांदा दिसली ती बहुधा पडद्यावर. शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, साल १९४६. कोटणिसांच्या चिनी पत्नीचं काम जयश्रीबाईंनी केलं होतं. म्हणजे ती दिसली ती सोलापूरच्या डॉक्टरांची पत्नी म्हणून. तिचं स्वतःचं म्हणणं काय, हा त्या चित्रपटाचा विषय नव्हता. आज आपला विषय तोच आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. चिनी भाषेत ‘सू-खू’ असा शब्द आहे. ऐकायला आपल्या ‘सुख’ासारखा, पण अर्थ अगदी उलटा : कडू बोलून दाखवणं. जमीनसुधारणेच्या काळात, म्हणजे १९४० च्या दशकात आणि पन्नाशीच्या सुरुवातीला, पक्षाचे कार्यकर्ते गावोगाव सभा घ्यायचे. जमीनदाराला समोर उभं करायचं आणि कुळांनी, मोलकरणींनी, लहानपणी विकल्या गेलेल्या सुनांनी आपलं दुःख चारचौघांत सांगायचं. पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसलेल्या बाईला पहिल्यांदा कळलं, की आपलं दुःख म्हणजे नशीब नव्हे, त्याला कारण आहे आणि ते कारण बोलून दाखवता येतं. ही गोष्ट लहान नाही. मग १९५० चा विवाह कायदा आला. बालविवाह, रखेल ठेवणं, बळजबरीचं लग्न यांवर बंदी आली, घटस्फोटाचा हक्क मिळाला.

पण या बोलण्याला एक साचा होता : पूर्वीचं सगळं कडू, आत्ताचं गोड. साच्यात बसेल तेवढं दुःख ऐकलं जायचं. डिंग लिंग या लेखिकेने मार्च १९४२ मध्ये येनानच्या वर्तमानपत्रात महिला दिनावर लेख लिहिला. बाईने लग्न केलं नाही तरी नावं ठेवतात, केलं तरी ठेवतात, आणि पोरं झाल्यावर ‘मागासलेली’ म्हणून नवरा तिला सोडतो. हे सगळं क्रांतिकारकांच्या वस्तीतच चाललंय, असा तिचा मुद्दा. तिच्यावर जाहीर टीका झाली. १९५७ नंतर तर तिला ‘उजवी’ ठरवून ईशान्येच्या थंड मुलखात पाठवलं. कडू बोलायला हरकत नव्हती. ते कुणाविरुद्ध बोलायचं, हे ठरलेलं होतं.

आता आमचा मुद्दा सांगतो. माओनंतर, विशेषतः परदेशात जाऊन इंग्रजीत लिहिलेल्या आठवणी हा साचा मोडत नाहीत, बऱ्याचदा तो उलटा करतात. क्रांतीतलं सगळं कडू, विमानात बसल्यावर गोड. आरोपी बदलला, सभा तशीच राहिली, आणि आपण वाचक तिथे न्यायाधीश होऊन बसलो. म्हणून अशा पुस्तकाची किंमत त्यात दुःख किती आहे यावर ठरवू नये. साच्याबाहेर काय सांडलंय, ते बघावं.

जुंग चँग यांचं ‘वाइल्ड स्वॅन्स’ (१९९१) घ्या. आजी, आई, मुलगी. आजीचे पाय बांधलेले, पंधराव्या वर्षी एका लष्करी सरदाराची रखेल. आई विद्यार्थीदशेतच कम्युनिस्टांच्या गुप्त कामात. लग्नानंतर लांबच्या प्रवासात नवऱ्याला हुद्द्यामुळे जीप मिळते, बायकोला मिळत नाही. ती गरोदर आहे हे दोघांनाही ठाऊक नसतं. नियम म्हणजे नियम, म्हणून तो तिला जीपमध्ये घेत नाही, आणि तिचा गर्भपात होतो. इथे खलनायक कोण? नवरा लबाड नाही, उलट फार प्रामाणिक आहे. याच प्रामाणिकपणापायी पुढे तो सांस्कृतिक क्रांतीविरुद्ध बोलतो, तुरुंगात जातो, वेडा होतो. एकच सद्गुण बायकोला चिरडतो आणि अन्यायापुढे ताठ उभाही राहतो. कांटचं कर्तव्य शिकवताना असं उदाहरण हाताशी असावं! पुस्तकाचा शेवटचा भाग मात्र साच्यात परत जातो : माओ एकीकडे, कुटुंब दुसरीकडे.

निएन चेंग यांचं ‘लाइफ अँड डेथ इन शांघाय’ निराळं. शेल कंपनीत काम केलेली विधवा, १९६६ पासून साडेसहा वर्षं एकांतकोठडीत. माओचीच वचनं पाठ करून ती चौकशी अधिकाऱ्यांना निरुत्तर करते. सुटल्यावर कळतं, एकुलती एक मुलगी गेली. सरकार म्हणतं आत्महत्या, पुरावा सांगतो खून. तिचं धैर्य निर्विवाद. पण या पुस्तकात निवेदिका कधी डगमगत नाही, आणि म्हणून तिच्या शेजारी उभं राहायला वाचकाला जागा उरत नाही.

याउलट यांग ज्यांग. चीनमध्येच राहून लिहिलेलं, १९८१ साली प्रसिद्ध झालेलं छोटंसं पुस्तक, हनानमधल्या श्रमछावणीच्या दिवसांचं. साठीच्या आसपासचं जोडपं, दोघेही नावाजलेले लेखक. ती भाजीच्या मळ्यावर राखण करते, तो टपाल पोचवता पोचवता बांधावर दोन शब्द बोलून जातो. एक कुत्रं आहे, एक विहीर आहे. जावयाची आत्महत्या जवळजवळ जाता जाता येते. आवाज कुठेच चढत नाही. प्रस्तावनेत नवरा, छ्येन चोंगशू, म्हणतो की यात एक प्रकरण राहिलंय : लाजेचं. छळ करणाऱ्यांनी आणि गप्प बसून बघणाऱ्यांनी लिहायला हवं होतं ते. स्वतःच्या भित्रेपणालाही तो वगळत नाही.

ते प्रकरण पुढे काहींनी लिहिलं. रे यांग यांच्या ‘स्पायडर ईटर्स’मध्ये (१९९७) निवेदिका स्वतःच रेड गार्ड आहे. लोकांची घरं लुटली, मारहाण झाली, त्यात ती होती आणि तिला ते आवडत होतं, हे ती लपवत नाही. इथे आपलं न्यायाधीशपण डळमळतं.

आता कादंबऱ्या. जिने लिहिलं नाही तिच्या मनात शिरणं, हे कादंबरीचं खरं काम. लिसा सी यांच्या ‘ड्रीम्स ऑफ जॉय’मध्ये अमेरिकेत वाढलेली मुलगी १९५७ साली चीनला जाते आणि खेड्यातला दुष्काळ बघते. उपासमारीचं वर्णन अंगावर येतं, पण बघणारे डोळे बाहेरून आलेलीचे, आणि तिला निघून जाता येतं. खेड्यातल्या बाईला ते येत नाही. अँची मिन यांची ‘बिकमिंग मॅडम माओ’ (२०००) जास्त धाडस करते. ज्यांग चिंग, जिच्यावर पुढे खटला चालला, तिची कथा आलटून पालटून ‘मी’ आणि ‘ती’ अशी सांगते. आतून ती नायिका, बाहेरून दुसरंच काही. तिला माफी न देता समजून घ्यायचा हा प्रयत्न आहे.

आणि खेड्यातली ती बाई? तिच्यासाठी गेल हर्शाटर यांचा इतिहासग्रंथ वाचावा. शान्शी प्रांतातल्या ७२ वृद्ध स्त्रियांशी बोलून त्यांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला. या बायकांना मोहिमांची सालं नीट आठवत नाहीत. कोणतं पोर कधी झालं, त्यावरून त्या काळ मोजतात. दिवसभर सामूहिक शेतात राबायचं आणि रात्री दिव्याखाली घरच्यांचे कपडे, बूट शिवायचे. दिवसाच्या कामाचे गुण मिळायचे, रात्रीच्या कामाची नोंद कुठल्याच वहीत नाही. प्रचारात नाही, आणि परदेशात खपलेल्या आठवणींतही फारशी नाही.

तेव्हा मित्रहो, ही पुस्तकं जरूर वाचा. वाचून ‘बरं झालं, आपण तिथे नव्हतो’ असं वाटलं, तर थोडं थांबा आणि पुन्हा बघा : सांगणारीने स्वतःला कुठे उभं केलंय, आणि रात्री बूट शिवणारी बाई पानावर आहे का. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आम्ही इथे थांबतो.