टिपवाङ्मयाचा रसास्वाद

मराठी समीक्षकांनी कथा पाहिली, कविता पाहिली, नाटक तर फुकट पास मिळाल्यास दोनदा पाहिलं. पण रेसच्या टिपांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. वास्तविक सुट्टीच्या दिवशी कर्जत लोकलच्या डब्यात पेन्सिलीने खुणा करकरून जे वाङ्मय वाचलं जातं, ते हेच. मी स्वतः रेस खेळत नाही. पण समीक्षकाला कादंबरी लिहावी लागत नाही, तद्वत टिपा वाचायला घोडा लावावा लागत नाही.

कर्जतचा आणि घोड्यांचा संबंध काय, असं कुणी विचारील. संबंध शुद्ध भौगोलिक आहे. महालक्ष्मीची रेस हिवाळ्यात, पुण्याची पावसाळ्यात. म्हणजे घोडेमंडळींना वर्षातून दोनदा बोरघाट ओलांडणं आलं. आमच्या शेजारच्या अण्णांना एवढं पुरतं. "आपल्या खालापूरवरून गेलेला घोडा आहे," असं ते एखाद्याबद्दल अशा जिव्हाळ्याने सांगतात, की घोडा वाटेत चहाला थांबला होता की काय, असं वाटावं.

आता या वाङ्मयप्रकाराची घडण पाहू. पहिला घोडा "जिंकावा". दुसरा "टक्कर देईल". तिसरा "चकित करील". शेवटी, चौथ्याकडे "दुर्लक्ष करता येणार नाही". आठ घोड्यांच्या शर्यतीत चार घोडे असे पदराखाली घेतले की टिपकार अर्धी शर्यत बसल्याजागी जिंकतो. चारांतला कुणीही आला तर सोमवारी "आम्ही म्हटलंच होतं". पाचवा आला तर सोमवारी विषय पावसाचा.

भाषाही पाहण्यासारखी. "वजन मानवेल", "अंतर आवडेल." इंडियन डर्बी १९४३ साली सुरू झाली, चार वर्षांच्या घोड्यांची, २४०० मीटरची. हे अंतर घोड्याला आवडेल हे टिपकार छातीठोकपणे लिहितो. स्वतःच्या मुलाला सायन्स आवडेल की कॉमर्स, हे आपल्याला बारावीच्या निकालानंतरही सांगता येत नाही.

इंग्लंडात दर मार्चमध्ये चेल्टनहॅमला चार दिवस अडथळ्यांच्या शर्यतींची जत्रा भरते, तेव्हा तिथेही टिपांचा असाच पूर येतो. पण या वाङ्मयाची खरी समीक्षा एका घोड्याने केली आहे. १९६७ सालची ग्रँड नॅशनल. तेविसाव्या कुंपणापाशी स्वार पाडून मोकळा धावणारा एक घोडा आडवा आला, आणि बाकीचे एकमेकांवर आदळून तिथेच खोळंबले. फॉइनेव्हन नावाचा घोडा इतका मागे होता, की तो पोचेपर्यंत गोंधळ त्याला नीट दिसला. त्याने बाजूने वाट काढली, उडी मारली आणि शर्यत जिंकली. भाव एकास शंभर. मालकसुद्धा मैदानावर हजर नव्हता. मागे राहणं हाही गुण असू शकतो, हे टिपेत कुठेच नसतं.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. समजा, टिप खरी निघाली. टोटवर सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमतात. त्यातून कर आणि क्लबचा वाटा आधी निघतो, आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. टिप हजारोंनी वाचली, हजारोंनी तोच घोडा लावला, की प्रसाद तेवढाच आणि हात हजार. म्हणजे छापलेली टिप चुकली तर पैसे जातात आणि बरोबर आली तर चहापुरते येतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेवर जीएसटी ४० टक्के आहे. घोड्याच्या पाठीवरचं वजन टिपकार किलोत देतो. वाचकाच्या पाठीवरचं हे वजन देत नाही.

अण्णांना हे सांगून पाहिलं. त्यांना सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा निवाडा पाठ आहे: घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ. आणि इथेच हे विनोदी वाङ्मय गंभीर होतं. खेळ कौशल्याचा म्हटला, की हरणं हा आपला अडाणीपणा ठरतो. गेल्या वर्षी मे महिन्यात घर शाकारायला काढून ठेवलेले पैसे अण्णांच्या हातून महालक्ष्मीला पोचले. पावसात कर्जत म्हणजे काय, हे सांगायला नको. माजघरात चार ठिकाणी पातेली मांडून वहिनी बसल्या होत्या, आणि अण्णा म्हणत होते, "माझंच वाचायला चुकलं." टिपकाराला त्यांनी शब्दानेही दोष दिला नाही. इतका क्षमाशील वाचक आमच्या कुठल्याही कवीला लाभलेला नाही.

याउलट आमच्या रायगडातली बैलगाडीची शर्यत घ्या. २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये तिला कोर्टाने पुन्हा परवानगी दिली. तिथेही "हाच बैल येणार" म्हणून सांगणारे पारावर बसलेले असतातच. पण त्यांचं चुकलं, तर दुसऱ्या दिवशी बाजारात चारचौघांत टोपी उडते, आणि पुढच्या खेपेला ते गप्प बसतात. लिखित वाङ्मयाला अशी सोय नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक टिपेच्या शेजारी, तेवढ्याच ठळक टाइपात, त्याच टिपकाराच्या मागच्या रविवारच्या टिपा आणि त्यांचे निकाल छापावेत. सोबत एकच ओळ: या आठवड्यात टिपकाराने स्वतः किती रुपये लावले. माझा अंदाज आहे, की तो रकाना बहुधा कोराच राहील. आणि संपूर्ण पानातली तीच एक टिप अण्णांना पातेल्यांपासून वाचवील.