दानपत्रातला क्षत्रप

युरोपातल्या प्रबोधनकाळाविषयी मराठीत लिहिताना एक विधान हमखास येते : मध्ययुगात देव केंद्रस्थानी होता, मानवतावादाने तिथे माणसाला आणून बसवले. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून ते डोक्यात शिरते आणि पुढे कुणी तपासत नाही. मीही बरीच वर्षे ते प्रमाण मानत होतो. लोरेन्झो वल्लाचे एक छोटे पुस्तक कोलमन यांच्या १९२२ च्या इंग्रजी भाषांतरातून वाचले, तेव्हा ते पहिल्यांदा डळमळले. मानवतावादाचा बिनीचा शिलेदार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्या या पुस्तकात माणसाच्या थोरवीचे गोडवे नाहीत. आहे ती एका कागदाची उलटतपासणी.

आधी शब्दच पाहू. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत ‘उमानिस्ता’ म्हणजे व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र हे पाच विषय शिकवणारा माणूस. तो पेशा होता, पंथ नव्हे. ‘ह्युमॅनिस्मुस’ हे वाददर्शक रूप १८०८ साली निथामर या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने वापरात आणले. मराठीत त्यावर आणखी एक थर चढला. मानवेंद्रनाथ रॉय यांचा नवमानवतावाद आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे त्याचे पुरस्कर्ते यांच्यामुळे हा शब्द आपल्याकडे बुद्धिप्रामाण्य आणि इहवादाशी जोडला गेला. तो विचार त्याच्या जागी मोलाचा आहे. पण तोच चष्मा लावून पंधरावे शतक पाहिले की फसगत होते. पेट्रार्क, ब्रूनी, वल्ला हे सगळे स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. त्यांनी देवाला हटवले नाही. त्यांनी जुने ग्रंथ नीट वाचायला घेतले, आणि खरी उलथापालथ त्या वाचण्यातून झाली.

ती कशी, हे वल्लाच्या पुस्तकात दिसते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनला पोप सिल्व्हेस्टरने महारोगातून बरे केले आणि कृतज्ञतेपोटी सम्राटाने लॅटरनचा राजवाडा, रोम शहर, इटली आणि पश्चिमेकडचे सारे प्रांत पोपच्या स्वाधीन केले, असे सांगणारे एक दानपत्र शतकानुशतके चर्चच्या संग्रहात होते. पोपच्या ऐहिक सत्तेचा एक मोठा आधार हा कागद होता. कागद चौथ्या शतकातला म्हणून दाखवला जाई. प्रत्यक्षात तो साधारण आठव्या शतकात रचला गेला. १४४० साली वल्लाने तो बनावट असल्याचे मांडले.

संशय घेणारा तो पहिला नव्हता. कूसाच्या निकोलसने १४३३ च्या सुमारास जुन्या इतिहासांत या दानाचा उल्लेखच सापडत नाही, हे दाखवले होते. वल्लाची पद्धत वेगळी होती. त्याने आधी वकिली प्रश्न विचारले. दानपत्र आहे, पण ताबा कुठे? कोणत्या प्रांताचा कोणता अधिकारी हटवला आणि त्याच्या जागी पोपने कुणाला नेमले? सिल्व्हेस्टर राज्य करत होता, तर त्याची नाणी कुठे आहेत? जमिनीच्या तंट्यात आपला एखादा जुना कारकून हेच विचारील.

मग तो भाषेकडे वळतो. दानपत्रात सम्राटाच्या निर्णयाला संमती देणाऱ्यांत ‘सत्रप’ येतात. वल्ला संतापून विचारतो, सत्रपांचा इथे काय संबंध? हा शब्द इराणी कारभारातला. रोमच्या राजाज्ञेत तो कधी आलेला नाही. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख पाहिलेल्या मराठी वाचकाला यातली मेख चटकन कळेल, कारण सत्रप आणि क्षत्रप हा एकच शब्द आहे. प्रत्येक शब्दाला मुलूख असतो आणि वयही असते. पुढे दानपत्रात कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठाचा उल्लेख येतो. ते शहर तेव्हा वसलेलेच नव्हते. त्याचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले ३३० साली. मुकुट शुद्ध सोन्याचा म्हटला आहे, तर प्राचीनांची ती शिरपट्टी कापडाची असे.

प्रबोधनकाळाचे मर्म मला इथे दिसते. भूतकाळ आपल्यापेक्षा वेगळा होता, त्याची भाषा, कपडे, रिवाज वेगळे होते, ही जाणीव. मांतेन्याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘सीझरचे विजय’ ही नऊ चित्रांची मालिका रंगवली. तिच्यातली शस्त्रे, चिलखते, पताका प्राचीन अवशेषांचा अभ्यास करून काढल्या आहेत. वल्लाचे कान आणि मांतेन्याचे डोळे एकाच शाळेत शिकलेले आहेत.

पण म्हणून वल्लाला निःस्वार्थ सत्यशोधक ठरवण्याची घाई नको. तो तेव्हा आल्फोन्सो राजाच्या पदरी होता. आल्फोन्सो नेपल्सच्या गादीसाठी लढत होता आणि पोप युजेनियस चौथा त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला होता. पुस्तकाचा घाटही थंड डोक्याच्या प्रबंधाचा नाही. ते एक घणाघाती भाषण आहे. सम्राटाची मुले, रोमची सभा, खुद्द सिल्व्हेस्टर यांच्या तोंडी वल्लाने कल्पित भाषणे घातली आहेत, आणि ती आज लांबलेली वाटतात. त्याचा हेतू राजकीय होता हे मान्य करूनही सत्रपाबद्दलचा त्याचा प्रश्न तसाच उभा राहतो. आपण बोलणाऱ्याचा हेतू उघड केला की त्याचा मुद्दा निकालात निघाला, असे समजतो. वल्ला वाचताना ही सवय सोडावी लागते.

आता परिणामाचा प्रश्न. १४४४ साली नेपल्समध्ये धर्मन्यायालयाने वल्लाची चौकशी सुरू केली; राजाने त्याला वाचवले. आणि १४४८ साली पोप निकोलस पाचव्याने त्याला आपल्याच दरबारात लेखनिकाची जागा दिली. दानपत्र खोटे ठरवणारा माणूस पोपच्या नोकरीत, आणि जग आपल्या जागी! वल्ला १४५७ साली वारला. त्याच्या पुस्तकाला धार आली ती १५१७ च्या सुमारास, जेव्हा उलरिश फॉन हुटेनने ते छापले आणि खोचकपणे पोप लिओ दहाव्यालाच अर्पण केले. १५२० साली ते लूथरच्या हाती पडले आणि तो हादरला. पुस्तक तेच होते. मधल्या काळात छापखाना आला होता आणि श्रोते बदलले होते.

याच लिओ दहाव्याने व्हॅटिकनमधल्या एका दालनाचे काम राफाएलकडे सोपवले होते. राफाएल १५२० साली गेला. त्याच्या शिष्यांनी १५२४ पर्यंत ते पुरे केले. त्या दालनात एका भिंतीवर कॉन्स्टंटाइनचे दान रंगवलेले आहे. सम्राट गुडघे टेकून रोमची सोन्याची मूर्ती सिल्व्हेस्टरला देतो आहे, आणि सिल्व्हेस्टरचा चेहरा तेव्हाच्या पोप क्लेमेंट सातव्याचा आहे. प्रसंग जुन्या सेंट पीटर चर्चमध्ये घडतो. ते चर्च त्या काळी नव्यासाठी पाडले जात होते, म्हणून त्याचे चित्रण आज मोलाचे वाटते. मात्र ज्या वेळी हे दान झाले म्हणतात, तेव्हा ते चर्च बांधूनही झालेले नव्हते. वल्लाचा प्रश्न या भिंतीलाही विचारता येतो : हे इथे कसे आले?

मानवतावादी शिक्षण घेतलेला पोप, त्या काळातली सर्वोत्तम चित्रशाळा, आणि विषय मात्र ऐंशी वर्षांपूर्वी खोटा ठरलेला. ‘मानवतावादाने कला आणि समाज बदलले’ हे विधान या भिंतीपुढे उभे राहून करावे. ज्या विद्येने खोटा कागद उघडा पाडला, तिच्याच कौशल्याने त्याला देखणे रूपही दिले. विद्या कुणाच्या बाजूने उभी राहील, हे तिच्या नावावरून ठरत नाही. ती वापरणाऱ्याच्या प्रश्नांवरून ठरते. म्हणून मला ‘माणूस केंद्रस्थानी’ या घोषणेपेक्षा त्या एका सत्रपाला हटकणारा वाचक प्रबोधनकाळाचा खरा प्रतिनिधी वाटतो.

वल्लाचे दफन रोममध्ये झाले, लॅटरनच्या चर्चमध्ये. दानपत्रातल्या मालमत्तेत पहिले नाव लॅटरनच्या राजवाड्याचे आहे.