भाड्याच्या गाडीतले प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णनाचा विचार आपण शैलीच्या अंगाने केला, देशांच्या अंगाने केला. वाहनाच्या अंगाने फारसा केला नाही. अलीकडे परदेशात गाडी भाड्याने घेऊन, ती स्वतः चालवत केलेल्या प्रवासाचे लेख वरचेवर वाचायला मिळतात. त्यांत एक गोष्ट खटकते. रस्ते आहेत, धबधबे आहेत, न्याहारीची वर्णने आहेत. पण त्या देशातला माणूस तोंड उघडत नाही. हा दोष लेखकाचा की गाडीचा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी परंपरेकडे पाहू. विष्णुभट गोडसे 1857 साली चुलत्यांबरोबर वरसईहून उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरची ओढगस्त दूर करावी म्हणून. ‘माझा प्रवास’ छापून आले 1907 साली. त्यातली झाशी आपल्याला इतकी जवळून दिसते, कारण गोडसे तिथे अडकले होते. आसऱ्यासाठी, जेवणासाठी, वाटेच्या माहितीसाठी त्यांना दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागले. मिळवलेला पैसा लुटला गेला, हेही त्यांनी लपवले नाही. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरचे पुस्तक 1889 चे. त्या तिथे व्याख्याने देत, आपल्या कार्यासाठी मदत मागत फिरल्या, म्हणून तिथल्या संस्था त्यांना आतून कळल्या. ‘अपूर्वाई’तला (1960) पुलंचा विनोद तर बराचसा परक्या मुलखात गडबडलेल्या माणसाचा आहे. तिघांचे पिंड वेगळे, काळ वेगळे. पण दुसऱ्यावाचून तिघांचेही अडत होते. आपले प्रवासवर्णन या अडण्यावरच पोसले आहे.

भाड्याची गाडी नेमके हे अडणे काढून टाकते. विमानतळावर किल्ली मिळते, वाट फोन सांगतो, पंपावर कार्ड घातले की पेट्रोल येते, मुक्कामाच्या खोलीचे दार निरोपात आलेल्या आकड्यांनी उघडते. वाट विचारावी लागत नाही. आणि वाट विचारली नाही की माणूस भेटत नाही.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी भाच्याबरोबर आइसलँडला गेलो होतो. गाडी तो चालवी, मी शेजारी वही घेऊन बसे. देशाला वळसा घालणारा एक क्रमांकाचा रस्ता सुमारे 1,320 किलोमीटरचा आहे. तो आम्ही नऊ दिवसांत पुरा केला. घरी येऊन वही वाचली. तिच्यात बोलणारी परकी माणसे दोनच निघाली: गाडी देणारा आणि गाडी परत घेणारा.

गंमत अशी, की त्या भूमीविषयी वहीपेक्षा जास्त माहिती गाडीच्या करारपत्रात होती. वाऱ्याने दार उलटे फिरून बिजागरी मोडली, तर भरपाई नाही. वाळूने किंवा राखेने रंग खरवडला, तर त्याचा विमा निराळा. नदीतून गाडी घातली, तर नुकसान तुमचे. ‘एफ’ अक्षराच्या डोंगरी रस्त्यांवर साधी गाडी न्यायची नाही. एकेका कलमामागे तिथल्या वाऱ्याचा, वाळूचा, पाण्याचा अनुभव आहे. आपण प्रवासलेखक तो कागद खिशात ठेवतो आणि सूर्यास्ताबद्दल लिहितो.

दक्षिण किनाऱ्यावर स्केइदाराउरसांदुर नावाचे काळ्या वाळूचे विस्तीर्ण मैदान आहे. तिथे रस्त्याकडेला पिळवटलेल्या लोखंडी तुळया दिसल्या. वहीतली नोंद: ‘फोटो काढले. वारा फार.’ खरी हकिगत मी परतल्यावर वाचली. या मैदानातल्या नद्यांवर पूल होऊन रस्त्याचा वळसा पुरा झाला तो 1974 साली. त्याआधी मैदानापलीकडच्या ओराइवी भागातल्या लोकांना मोटारीने राजधानी गाठायची, तर पूर्वेकडून आणि उत्तरेकडून जवळजवळ सगळा देश फिरून जावे लागे. पुढे 1996 च्या शरदात हिमनदाखाली ज्वालामुखी जागा झाला. वितळलेले पाणी नोव्हेंबरात एकदम लोटले, एक पूल वाहून गेला, दुसऱ्याचा काही भाग मोडला. त्या तुळया त्या पुराची खूण आहेत. ज्या रस्त्यावरून आम्ही ताशी नव्वदच्या वेगाने गेलो, त्याच्यासाठी एका वस्तीने इतकी वर्षे वाट पाहिली होती, हे कोणालाही थांबून विचारता आले असते.

मग दोष गाडीचा? तसे म्हणता येत नाही. इल्फ आणि पेत्रोव हे सोव्हिएत लेखक 1935 साली अमेरिकेत फोर्ड गाडी घेऊन फिरले. एक जोडपे त्यांनी बरोबर घेतले होते. गाडी त्यातली बाई चालवी. वाटेत हात दाखवणाऱ्यांना ते बसवून घेत, आणि मंदीतल्या अमेरिकेचा आवाज त्यांच्या ‘एकमजली अमेरिका’त (1937) या वाटसरूंच्या तोंडून ऐकू येतो. त्याच वर्षी ऑडेन आणि मॅकनीस यांचे ‘लेटर्स फ्रॉम आइसलँड’ निघाले. कविता आणि पत्रांच्या शेजारी प्रवाशांना उपयोगी अशी रोकडी माहितीही त्यांनी त्यात घातली. व्यवहार सांगितल्याने त्यांचे साहित्य बाटले नाही.

शिवाय गाडीने दिलेली मोकळीक खरी आहे. सहलीच्या बसमध्ये शिट्टी वाजली की चढणाऱ्याला, गुडघे धरलेल्या माणसाला, एकट्या फिरू पाहणाऱ्या बाईला तिचे मोल विचारावे. तक्रार मोकळिकीबद्दल नाही. हवे तिथे थांबता येत असूनही आपण फक्त देखाव्यापाशी थांबतो, ही तक्रार आहे. अशा लेखांकडून समीक्षकाने तीन गोष्टी मागाव्यात: पैशाचा आणि कराराचा उघड हिशेब, रस्त्याचा इतिहास, आणि काचेबाहेरचा निदान एक आवाज.

गाडी परत घेणाऱ्याने दाराच्या कडेवरून बोट फिरवले आणि विचारले, “सांदुरवर वारा होता?” मी हो म्हटले. तो म्हणाला, “माझे आजोळ तिकडचे.” भाचा घड्याळ पाहत होता, आम्ही विमानतळाच्या बसकडे निघालो. वहीत ते वाक्य शेवटच्या पानावर आहे. माझा लेख तिथून सुरू व्हायला हवा होता.