बागलाण : बाग की बागूल?

'बागांचा प्रदेश म्हणून बागलाण' ही व्युत्पत्ती सटाणा परिसरात इतकी रुळली आहे की तिला कुणी पुरावा मागत नाही. द्राक्षे-डाळिंबांच्या आजच्या बागा पाहून ती पटतेही. अबुल फज्लही तिच्या मदतीला धावतो : 'ऐन-इ-अकबरी'त बागलाणातली द्राक्षे, डाळिंबे वाखाणली आहेत. पण त्याच नोंदीत साल्हेर-मुल्हेरसह सात किल्ले आणि राजाचे 3000 घोडदळ, 10000 पायदळही आहे. तेवढे मात्र वगळले जाते.

बाग मान्य केली तर उरलेल्या 'लाण'चे काय करायचे? मला बागूल या राजघराण्याचा संबंध अधिक सयुक्तिक वाटतो. मराठीच्या कानाला तो सहज पटावा. माणूस-माणसाळ, लाकूड-लाकडी, तसेच बागूल-बागलाण. मधला उकार गळतो. आता राजावरून देश की देशावरून राजा, हा वाद राहील. तो कसाही सुटला तरी त्यात फळबागेला जागा नाही.

गंमत अशी की खुद्द राजदरबाराला हे नाव मिरवायचे नव्हते. नारायणशाहाच्या आश्रयाने रुद्रकवीने 1596 मध्ये रचलेल्या संस्कृत महाकाव्याचे नाव 'राष्ट्रौढवंश'. कवी घराण्याचे मूळ कनोजला नेतो. मुल्हेरच्या डोंगरातल्या राजाला उत्तरेचे कूळ हवे होते. दरबारी काव्यात हे नेहमीचेच. हे काव्य इतिहासाचे साधन म्हणून वाचणाऱ्यांनी ही हौस वजा करूनच वाचावे.

1638 मध्ये औरंगजेबाने हे राज्य मोगलाईत आणले. राजे गेले, नाव राहिले, पण आक्रसत. 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा खानदेशातून आलेल्या तीन तालुक्यांत ते होते. आज सरकारदप्तरी तालुका बागलाण, लोकांच्या तोंडी मात्र सटाणा. जुन्या बागलाणातले कळवण वेगळा तालुका झाले. साल्हेर, जिथे 1672 ची लढाई झाली, अजून बागलाणातच आहे. आणि अहिराणीच्या इथल्या बोलीला 'बागलाणी' म्हणतात. ती तालुक्याची शीव विचारत नाही.