सुषुप्तीतील समता

अस्पृश्यतेचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरावीक बचाव पुढे केला जातो. जातिभेद स्मृतींनी माजवला, उपनिषदे मात्र समतेचीच आहेत, असा तो बचाव. पुराव्यादाखल बृहदारण्यक उपनिषदातील एक कंडिका हटकून दाखवली जाते. चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या ब्राह्मणातील ही बाविसावी कंडिका. विदेहाच्या जनक राजाला याज्ञवल्क्य गाढ झोपेचे स्वरूप सांगतात. त्या अवस्थेत पितृत्व उरत नाही, मातृत्व उरत नाही, देवांचे देवपण आणि वेदांचे वेदपणही उरत नाही. तिथे चांडाळाचे चांडाळपणही गळून पडते, असा तिचा आशय आहे. ही कंडिका मी अनेक व्याख्यानांतून ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी मला एकच प्रश्न पडला आहे. चांडाळाची जात पुसली जाते ती नेमकी केव्हा? तो झोपल्यावर. जागा असताना नव्हे.

माणसाच्या संज्ञेच्या अवस्थांचा इतका जुना आणि इतका बारीक विचार जगात फार थोड्या ठिकाणी झाला, हे मी मान्य करतो. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि मांडूक्य उपनिषदाने सांगितलेली चौथी तुरीय अवस्था ही मांडणी मानसशास्त्राच्या अभ्यासकाला आजही विचार करायला लावते. परंतु श्रेय देणे म्हणजे चिकित्सा बंद करणे नव्हे.

आधी ती यादीच नीट वाचावी. चांडाळ कोणाच्या पंगतीला बसवला आहे? त्याच्या अगोदर चोर आहे, भ्रूणहत्या करणारा आहे. चोर चोरीने चोर होतो, हत्यारा हत्येने. चांडाळाने आणि त्याच्यामागून येणाऱ्या पौल्कसाने काय केले? ते जन्मले. यादीच्या शेवटी श्रमण आणि तापस येतात. ब्राह्मण मात्र या यादीत नाही. ब्राह्मणाचे ब्राह्मणपण झोपेत गळते, असे स्पष्ट शब्दांत सांगण्याची गरज तिथे भासलेली नाही. वेदांचे वेदपण गेले त्यात ब्राह्मण्यही आलेच, असे कोणी म्हणेल. आले असेल, पण ते तर्काने काढावे लागते. चांडाळाचे नाव मात्र घ्यावे लागते, कारण ज्याच्या अंगावर कलंक मानला आहे त्याचाच कलंक धुण्याची भाषा करता येते.

शंकराचार्यांचे भाष्य तर अधिक बोलके आहे. चांडाळ म्हणजे शूद्र पित्यापासून ब्राह्मण स्त्रीला झालेली संतती, पौल्कस म्हणजे शूद्र पित्यापासून क्षत्रिय स्त्रीला झालेली, अशी व्याख्या ते देतात. आणि अत्यंत हीन जातीत जन्माला घालणाऱ्या उपजत कर्मापासूनही झोपलेला माणूस मोकळा असतो, असे सांगतात. म्हणजे सुटका आहे, पण झोपेपुरती. जाग आली की ते कर्म जागच्या जागी.

तरीही या कंडिकेतून एक कबुली आपोआप बाहेर पडते, आणि ती आपण सोडता कामा नये. जात जर गाढ झोपेत गळून पडत असेल, तर ती माणसाच्या मूळ स्वरूपात नाही. मग पहाटे ती त्याच्या अंगावर पुन्हा कोण चढवतो? याचे उत्तर उपनिषदात नाही, मनुस्मृतीत आहे. दहाव्या अध्यायाचा एकावन्नावा श्लोक चांडाळाची वस्ती गावाबाहेर ठेवतो. चौपन्नावा त्याला रात्री गावात आणि नगरात फिरू देत नाही. पंचावन्नावा दिवसा कामासाठी आत येऊ देतो, तोही राजाज्ञेने ठरलेल्या खुणा अंगावर बाळगून. झोपलेल्या चांडाळाला स्वतःच्या जातीचा विसर पडत असेल. पण तो जिथे झोपला आहे ती जागा त्याची जात रात्रभर सांगत असते.

यावर वेदान्ताचे अभ्यासक म्हणतील की याज्ञवल्क्य अंथरुणाच्या जागेविषयी बोलत नाहीत, आतल्या अनुभवाविषयी बोलतात. ठीक आहे. मग आपणही आत जाऊ.

प्रथम स्वप्न. ऑक्टाव्ह मानोनी या फ्रेंच लेखकाने १९५० साली वसाहतवादाच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्यात मादागास्करमधील माणसांची स्वप्ने आहेत. त्यांत काळा बैल अंगावर येतो, बंदूकधारी सैनिक दिसतात. मानोनींनी त्या बंदुकीत लैंगिक प्रतीक पाहिले. १९५२ साली फ्रान्झ फॅनन यांनी ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ या ग्रंथात त्यांना खडसावले, की ती बंदूक खरीखुरी बंदूक आहे. १९४७ साली मादागास्करमध्ये उठाव झाला आणि फ्रेंच सत्तेने तो रक्तात बुडवला. त्या काळातल्या माणसाच्या स्वप्नात सैनिक येणारच. स्वप्न समजून घ्यायचे तर ते त्याच्या काळात आणि त्याच्या जागी ठेवून पाहिले पाहिजे, हे फॅनन यांचे सांगणे होते. मनोविकारतज्ज्ञाने मनोविश्लेषणाला शिकवलेला हा धडा आहे. जागेपणीची सत्ता स्वप्नाच्या उंबऱ्याशी थांबत नाही.

उरली ती गाढ झोप, याज्ञवल्क्यांचा खरा बालेकिल्ला. झोप म्हणजे मेंदू मालवणे नव्हे, हे आता सिद्ध झाले आहे. शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचाली नोंदवल्या. पुढे स्पष्ट झाले की रात्रभर साधारण नव्वद-नव्वद मिनिटांची आवर्तने चालतात, आणि मेंदूच्या संथ, उंच लहरींची गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात येते. ही झोप सर्वांना सारखी मिळते काय? अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय आणि गोऱ्या माणसांची झोप यंत्रावर मोजली गेली. कृष्णवर्णीयांमध्ये सर्वांत गाढ, म्हणजे तेव्हाच्या वर्गीकरणातील चौथ्या पायरीची झोप कमी भरली. आणि वंशभेदाचा जाच ज्यांनी जास्त सांगितला, त्यांच्यात ही तूट अधिक होती. अभ्यास लहान आहे, त्याला त्याच्या मर्यादा आहेत. पण त्याने दाखवलेली दिशा साफ आहे. सुषुप्तीत भेद विरतो म्हणावे, तर भेदाने सुषुप्तीच कुरतडलेली दिसते.

दुसरा प्रयोग ब्राउन विद्यापीठातला, २०१६ सालचा. परक्या जागी पहिल्या रात्री माणसाच्या मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही. अनोळखी आवाजाला तो लवकर प्रतिसाद देतो, असे तिथे आढळले. या प्रयोगात जातीचा प्रश्न नव्हता. तो जोडतो आहे मी. ज्यांना आयुष्यभर प्रत्येक जागा परकीच होती, त्यांच्या मेंदूचा पहारा कधी उठला असेल? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हा लिहिला, त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, अनेक ठिकाणी रात्रीसुद्धा. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचणाऱ्याला पोलिसांची धास्ती त्यानंतरही घरात कशी मुक्कामाला होती हे सांगावे लागत नाही. दारावर थाप पडेल म्हणून कान उघडे ठेवून पडलेल्या माणसाला सुषुप्तीचे तत्त्वज्ञान ऐकवणे ही क्रूर थट्टा आहे.

ही गोष्ट एका कंडिकेपुरती असती तर मी एवढे लिहिले नसते. आपल्या परंपरेची ती सवयच आहे. समता द्यायची, पण अशा अवस्थेत की जिथे घेणारा ती वापरू शकणार नाही. झोपेत समता, समाधीत समता, नामाच्या तल्लीनतेत समता. चोखोबांची तल्लीनता कोणी नाकारली? तरीही देवळाचे दार त्यांना बंदच राहिले आणि समाधी महाद्वाराबाहेर झाली. पंढरपूरचे ते दार अस्पृश्यांना उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. कोणत्याही भावावस्थेने ते उघडले नव्हते. जागेपणी चाललेल्या लढ्याने उघडले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा त्यांचा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यातील बाविसाव्या कोड्यात ते विचारतात की सर्वत्र एकच ब्रह्म आहे असे मानणाऱ्या तत्त्वज्ञानातून नवा समाज का उभा राहिला नाही? लोकशाहीला इतका भक्कम पाया हाताशी असताना त्यावर इमारत का चढली नाही? माझ्या मते त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या कंडिकेत सापडतो. ज्या अवस्थेत एकत्व अनुभवायचे, त्या अवस्थेत हात हलत नाहीत, तोंड बोलत नाही, पाणवठ्यापर्यंत पाय जात नाहीत. बाबासाहेबांनी ज्याची वाट धरली, त्या बुद्धाच्या नावाचा अर्थच जागा झालेला असा आहे, हा मला योगायोग वाटत नाही.

म्हणून महाविद्यालयांत तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र शिकवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. ही कंडिका गाळू नका, अवश्य शिकवा. संज्ञेचा इतका जुना अभ्यास विद्यार्थ्यांना माहीत असायलाच हवा. पण शिकवताना मनूचे ते तीन श्लोक शेजारी ठेवा, आणि वर्गाला विचारा की याज्ञवल्क्य राजाशी बोलत होते त्या रात्री चांडाळ कुठे झोपला होता, आणि सकाळी उठून तो कोणत्या वाटेने गावात आला?